पावडर लावलेला पाट

(यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

पाठीत एकदम कळ येते, कुणी सुरा खुपसावा तशी. फ्रेंच डॉक्टरांनी या कळेचे नावच तसे ठेवले आहे: खंजिराचा घाव. मग काही तासांत, कधी काही दिवसांत, पाय जड होतात, लघवी अडते, आणि काल संध्याकाळपर्यंत अंगणात विटीदांडू खेळणारे पोरगे सकाळी खाटेवरून उठत नाही. यवतमाळकडच्या खेड्यात अशा वेळी घरात तीन निदाने होतात. एक लकवा, दुसरे बाहेरचे काहीतरी, आणि तिसरे ‘पडला असंल कुठंतरी’. तिसऱ्याने निदान नुकसान तरी होत नाही. पहिल्यापायी तेलमालिशवाला येतो आणि दुसऱ्यापायी अंगारा.

सरकारी आरोग्ययंत्रणेत एक चौथी नोंद होते, निदान व्हायला हवी. तिचे नाव एएफपी, म्हणजे अचानक आलेला लुळेपणा. १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय एकाएकी लुळे पडले की कारण काहीही असो, ते वर कळवायचे असते. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. हे जाळे पोलिओसाठी विणलेले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावडा जिल्ह्यातला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी जाळे काढलेले नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. ६० दिवसांनंतर पायात अजून अशक्तपणा आहे का, हे बघायला पुन्हा कुणीतरी यायचे असते. शौचात विषाणू नसला की पोलिओचा प्रश्न मिटतो. मुलाचा मिटत नाही.

पोलिओ नाही, तर मग काय? बहुतेक वेळा नसांचा गीयाँ-बारे नावाचा आजार, कधी मज्जारज्जूचा दाह, कधी मणक्याचा क्षय, कधी गाठ. आणि फार क्वचित, इतके क्वचित की जिल्ह्यातल्या अनुभवी डॉक्टरलाही आयुष्यात एखाददुसरा रुग्ण भेटावा, मज्जारज्जूवरच्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता. आजचे व्याख्यान त्या गुंत्याबद्दल थोडे आणि त्यानंतरच्या व्यायामाबद्दल जास्त आहे.

गुंता समजायला डॉक्टरी पुस्तक लागत नाही, कास्तकाराचे डोके पुरते. बेंबळा धरणाचे पाणी मोठ्या कालव्यातून वितरिकेत, तिथून पाटचारीत, मग शेतातल्या दांडात आणि शेवटी सरीत उतरते. उतरताना त्याचा जोर कमी होत जातो; म्हणून सरीतले पाणी मुळाला पाजते, रोप उपटून नेत नाही. शरीरातही धमनीतले जोराचे रक्त केसाहून बारीक वाहिन्यांत पसरते आणि शांत होऊन शिरेत जाते. या मुलांत मधली सरीच तयार झालेली नसते. कालवा थेट नाल्यात फुटलेला असतो. शिरेची भिंत पातळ. तिला एवढा दाब सोसवत नाही. ती फुगते, वळसे घेते, कधी फुटते. फुटली नाही तरी नाला तुंबल्यावर शेताचे जे होते तेच होते: मज्जारज्जूतले रक्त पुढे सरकत नाही आणि ताजे रक्त आत येत नाही.

मज्जारज्जू ही काही मोठी चीज नव्हे. मोठ्या माणसाच्या करंगळीएवढी जाड दोरी. तिला रक्त पुरवायला समोरून एक धमनी आणि मागून दोन. समोरच्या धमनीला छातीच्या खालच्या भागात एक मोठी शाखा येऊन मिळते, बहुतेकांत डाव्या बाजूने. क्राकोव्हच्या आल्बर्ट अॅडमकिविच यांनी १८८२ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पायांचा, लघवीचा आणि शौचाचा सगळा कारभार ज्या भागातून चालतो, त्याचे रक्त मुख्यतः या एका शाखेवर अवलंबून. एवढ्या अरुंद गल्लीत गुंता झाला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

१९१५ मध्ये अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्टॅन्ली कॉब या तरुण डॉक्टरने ८ वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. मुलाचे पाय गेले होते, आणि मज्जारज्जूतला गुंता ज्या पातळीवर होता त्याच पातळीच्या कातडीवर लालसर जन्मखुणा होत्या. कातडी आणि मज्जारज्जूचा तो तुकडा गर्भात एकाच पट्ट्यातून घडतो, म्हणून आतल्या बिघाडाची खूण बाहेर उमटते. सगळ्या मुलांत ती नसते. पण पाय लुळे पडलेल्या मुलाचा सदरा वर करून पाठ बघायला अर्धे मिनिट लागते आणि एक रुपयाही लागत नाही. एवढे तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावे.

पुढचे मात्र गावात होत नाही. एमआरआयमध्ये मज्जारज्जूभोवती काळ्या अळ्या वळवळल्यासारख्या दिसतात. जोरात वाहणारे रक्त चित्रात काळे उमटते. ते दिसले की धमन्यांची अँजिओग्राफी. मग मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून केसासारखी नळी वर चढवत नेऊन, फुटलेल्या कालव्याच्या तोंडाशी वैद्यकीय गोंद सोडतात. काहींना उघडी शस्त्रक्रिया लागते. हे काम करणारे हात मोठ्या शहरात असतात, यवतमाळपासून सुमारे १५० किलोमीटरवर नागपुरात किंवा त्याहून दूर मुंबईत. बरे झाले तर आठवड्याभरात कागद हातात पडतो. त्यावर औषधे, टाके काढायची तारीख, आणि सर्वांत खाली एक ओळ: फिजिओथेरपी चालू ठेवणे.

त्या शेवटच्या ओळीसाठीच हे व्याख्यान. गोंदाने कालवा बुजतो. तहानेने सुकलेले शेत गोंदाने हिरवे होत नाही. जे तंतू मेले ते मेले, जे नुसते दबले होते ते हळूहळू जागे होतात, आणि जागे झालेल्यांना काम शिकवावे लागते. शहरातल्या शस्त्रक्रियेला काही तास पुरले. या कामाला वर्ष जाते, कधी दोन, आणि ते यवतमाळात, आर्णीत, झरी-जामणीत, एखाद्या घराच्या ओसरीवर व्हायचे असते. सरकारी योजना मात्र बहुधा शस्त्रक्रियेभोवती बांधलेल्या असतात. तिला तारीख असते, बिल असते. ओसरीला यातले काहीच नसते.

आपल्याकडे फिजिओथेरपीची विद्या मुलांच्याच निमित्ताने रुजली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९४० च्या दशकात मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. उपाय नाही असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्या मुलीला घेऊन मद्रासच्या डॉ. किणींकडे गेल्या, महिनोन्‌महिने राहिल्या, मग पुण्यात, जिथे जखमी सैनिकांसाठी व्यायामोपचाराची सोय होती. मुलगी चालू लागली. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना काढला. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. पोलिओच्या त्याच काळात, १९५२-५३ च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली. म्हणजे या शास्त्राच्या भारतीय इतिहासात पहिल्या पानावर एक आई आहे. हल्ली पांढरा कोट आणि यंत्रांची खोली बघून हे विसरायला होते.

विदर्भात आज परिस्थिती अगदी कोरडी नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. वर्ध्याजवळ सावंगीला स्वतंत्र फिजिओथेरपी महाविद्यालय आहे आणि तिथली तरुण मंडळी दुर्मीळ आजारांच्या एकेका रुग्णाची हकिकत नेटाने लिहून प्रसिद्ध करतात. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. पण उमरखेड किंवा झरीहून जिल्ह्याचे ठिकाणच हाकेच्या अंतरावर नाही. शकुंतला रेल्वे थांबली, उरली एसटी. अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आई आणि मूल स्वस्तात येऊ शकतात. फक्त मूल कडेवर, पिशवी खांद्यावर, आणि एसटीची पायरी गुडघ्याएवढी उंच. रोजंदारी बुडते ती वेगळीच.

आता एक हिशेब. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास, असे उपचार मिळाले तर ते भाग्यच. झाले सव्वादोन तास. आठवड्याचे तास १६८. उरलेल्या १६५ पेक्षा जास्त तासांत ते मूल कसे झोपते, कसे बसते, पाय कुठे लोंबकळतात, यावर त्या सव्वादोन तासांचे नशीब ठरते. प्रस्तुत वक्त्याचे मत स्पष्ट आहे: या जिल्ह्यात फिजिओथेरपिस्टचा खरा विद्यार्थी मूल नसून त्याची आई आहे, किंवा आजी, किंवा शाळेत न गेलेली थोरली बहीण. तिला शिकवायला पाऊण तासातली वीस मिनिटे गेली तरी ती वाया गेलेली नाहीत.

शिकवायचे म्हणजे काय, ते जवळून बघावे.

मूल सतरंजीवर पाठीवर झोपलेले आहे. फिजिओथेरपिस्ट मॅडम त्याच्या मांडीवर दोन बोटे ठेवतात आणि सांगतात, गुडघा खाली दाब. काही दिसत नाही. पाय हललेला नाही. आई म्हणते, नाही होत मॅडम. पण बोटांखाली स्नायू क्षणभर ताठरतो, पाण्यात मासोळी हलावी तसा. हा पहिला गुण. स्नायूंच्या जोराला शून्य ते पाच गुण द्यायची ही पद्धत ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दुसऱ्या महायुद्धात, नसांना जखमा झालेल्या सैनिकांसाठी प्रचारात आणली. ती अजून चालते, कारण तिला वीज लागत नाही. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे ती मासोळी. तीन म्हणजे पाय स्वतःचे वजन पेलून वर उचलतो. पाच म्हणजे धडधाकट.

मधला दोन फार गमतीचा. पाय हलतो, पण स्वतःचे वजन उचलू शकत नाही. म्हणून मग मुलाला कुशीवर वळवतात, दोन पायांच्या मध्ये गुळगुळीत पाट आडवा ठेवतात, पाटावर टाल्कम पावडर भुरभुरतात आणि वरचा पाय पाटावर ठेवून सांगतात, आता गुडघा वाकव. वजनाचा भार पाटाने घेतलेला असतो, घर्षण पावडरीने. टाच पाटावरून सरकते. चार बोटे पुढे, चार बोटे मागे, पांढऱ्या पावडरीत रेघ उमटते. महिनाभर निर्जीव पडलेला पाय त्या दिवशी घरच्यांना डोळ्यांनी हलताना दिसतो. रुग्णालयात यासाठी खास फळी असते, पण घरचा जेवायचा पाट तेच काम करतो. रेघ किती लांब झाली ते पेन्सिलीने पाटावरच लिहून ठेवावे.

या रेघेचा आणखी एक उपयोग आहे आणि तो डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही. गुंता पूर्ण बुजला नसेल किंवा पुन्हा उघडला असेल, तर पाय परत कमजोर होऊ लागतात. सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीची वाट कोण बघणार? रोज रेघ मोजणाऱ्या आईला ती आखूड होत चालल्याचे आधी कळते. सुधारणारा पाय मागे सरकला, पाठीत नवी कळ आली, लघवी पुन्हा अडली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी फोन करायचा. आणि पहिल्या भेटीत मॅडमनी विचारायचा पहिला प्रश्न ‘कुठे दुखते’ हा नसून ‘आतले बुजवले का, किती बुजवले’ हा आहे. गुंता उघडा असताना श्वास रोखून जोर लावायचे व्यायाम करणे धोक्याचे.

मालिशबद्दल थोडे बोलावे लागेल, कारण हा विषय निघाल्याशिवाय या भागात सभा संपत नाही. हलक्या हाताच्या तेलाने कुणाचे वाईट होत नाही. आईच्या हाताचा स्पर्श मुलाला हवाच असतो. पण मालिश म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. मालिशीत मूल पडून राहते आणि दुसरा कुणी घाम गाळतो. व्यायामात घाम मुलाचा. शिवाय लुळ्या पायाची हाडे वापराअभावी ठिसूळ होतात. ‘शीर मोकळी करणाऱ्या’ माणसाने जोरात मुरगळले तर मांडीचे हाड मोडू शकते, आणि पायाला संवेदना नसल्याने मूल ओरडतही नाही. दुसऱ्या दिवशी नुसती सूज दिसते. विटेचा शेक त्याहून वाईट. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवतात. ज्याला चटका कळतो तो पाय काढून घेतो, ज्याला कळत नाही त्याची कातडी भाजते. तो घाव भरायला महिने लागतात आणि तेवढे महिने उभे राहणे बंद.

पुस्तके थंड देशात लिहिली गेली, म्हणून एक गोष्ट त्यांत ठळकपणे येत नाही. मज्जारज्जूतला घाव छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखालच्या अंगाला धड घाम येत नाही. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा मुलाला दुपारी टिनाच्या खोलीत व्यायामाला बसवले तर अंग तापते, आणि घरचे समजतात ताप आला. व्यायाम पहाटे उरकावा, ओले फडके जवळ असावे, आणि कॅलिपरचे, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या चौकटीचे, लोखंड उन्हात तापवून तसेच पायाला चढवू नये.

चालणे कुठे शिकले जाते? बरीच वर्षे उत्तर एकच होते: मेंदूत. १९८० च्या दशकात माँट्रियलच्या बार्बो आणि रोसिन्योल यांनी, मज्जारज्जू छातीत पूर्ण कापलेल्या मोठ्या मांजरांना फिरत्या पट्ट्यावर रोज चालवले. काही आठवड्यांत मांजरांचे मागचे पाय पट्ट्यावर पावले टाकू लागले, वरून एकही हुकूम येत नसताना. लॉस एंजेलिसच्या रेगी एजर्टन यांच्या प्रयोगशाळेने पुढची पायरी गाठली. ज्या मांजरांना उभे राहण्याचा सराव दिला ती उभी राहायला शिकली, पण चालण्यात मागे राहिली. चालवलेली चालू लागली. म्हणजे खालची दोरीही शिकते, आणि जे गिरवून घ्याल तेवढेच शिकते. माणूस मांजर नव्हे, कापलेल्या दोरीचा माणूस पट्ट्यावर आपोआप चालत नाही. पण ज्याचे काही तंतू शाबूत आहेत अशा मुलाच्या बाबतीत यातून धडा मिळतो: नुसते खाटेवर पाय वरखाली करून चालणे येत नाही. चालायचे असेल तर धरून का होईना, वजन टांगून का होईना, चालवावे लागते.

आणि मुलाला चालायला कारण लागते. मोठा माणूस ‘दहा वेळा, तीन फेऱ्या’ ऐकतो. सहा वर्षांचे पोर ऐकत नाही, आणि का ऐकावे? विदर्भाकडे या बाबतीत असे एक साधन आहे जे लंडन-बोस्टनकडे नाही: तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत पोरे घरोघर जातात, बोजारा मागतात. बैल पुढ्यात ठेवून गुडघ्यांवर उभे राहायचे, त्याच्या वशिंडावर हात टेकून तोल सांभाळायचा, बैल ढकलत समांतर दांड्यांमधून चार पावले टाकायची. ‘पोळ्याला वाड्याच्या दारापर्यंत’ हे उद्दिष्ट मॅडमच्या फाइलमधल्या कुठल्याही उद्दिष्टापेक्षा मुलाला लवकर पटते. समांतर दांड्या नसतील तर दोन बांबू आणि चार खुंट.

लघवीचा विषय सभेत बोलायचा नाही असा संकेत आहे. तो इथे मोडावा लागेल, कारण या मुलांचे आयुष्य पायांपेक्षा मूत्रपिंडांवर जास्त अवलंबून असते. अडलेली लघवी उलट वर चढली की मूत्रपिंडे खराब होतात. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी सांगितले, दर काही तासांनी साधी नळी घालून मूत्राशय रिकामे करा. ती निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली म्हणजे झाले. त्या वेळी मोठमोठ्यांनी नाके मुरडली. पण या एका सल्ल्याने हे काम ऑपरेशन थिएटरमधून घरच्या मोरीत आले. आई ते शिकते, समज आलेले मूल स्वतः शिकते. फिजिओथेरपिस्टचा यात संबंध असा, की नळी घालायला आधाराशिवाय बसता यावे लागते आणि दोन्ही हात मोकळे असावे लागतात. बसण्याचा तोल म्हणजे नुसता व्यायाम नव्हे, शाळेची गुरुकिल्ली आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. कायद्याच्या यादीत अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पण मधल्या सुट्टीत दार लागणारे, पाणी असलेले, पायरी नसलेले स्वच्छतागृह शाळेत नसेल तर तो हक्क फळ्याच्या मागेच राहतो. पालकसभेत सगळ्यात आधी विचारायला हवे ते हे.

महाराष्ट्रात या वाटेने पुढे गेलेली माणसे आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक किशोरवयात व्हीलचेअरला आल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ उभी केली. ही नावे ऐकून पालकांना धीर येतो, यावा तेवढा यावा. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आईचा प्रश्न पदकाचा नसतो. ‘मॅडम, पोरगा चालंल ना?’ एवढाच असतो, आणि पहिल्या महिन्यात त्याला प्रामाणिक उत्तर ‘आताच सांगता येत नाही’ हे आहे. किती तंतू मेले आणि किती दबले, हे कुणालाच बाहेरून दिसत नाही. काही मुले धावतात. काही कॅलिपर आणि कुबड्यांवर घर ते अंगण करतात. काही खुर्चीवर राहतात आणि वर्गात पहिली येतात. ‘सहा महिन्यांत चालवून दाखवतो’ म्हणणाऱ्यापासून, त्याच्याकडे पदवी असो वा नसो, जपून राहावे.

मूल वाढते, ही या सगळ्यातली आनंदाची आणि कटकटीची गोष्ट. मोठ्या माणसाचा पाठीचा कणा घडून झालेला असतो. मुलाचा कणा अजून वाढत असतो आणि धडाचे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखे ओढत नसतील तर तो वाकत जातो. कमी वयात मज्जारज्जूला इजा झालेल्या बहुतेक मुलांत पुढे पाठीला बाक येतो. खुब्याचा सांधा निसटू शकतो. म्हणून चालणे आले, शाळा सुरू झाली, सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच दर सहा महिन्यांनी पाठ उघडी करून, वाकायला लावून बघायचे असते. आणि कॅलिपर. पेरणीच्या आधी मापाने करून आणलेला कॅलिपर दुसऱ्या पोळ्यापर्यंत दोन बोटे आखूड होतो. गुडघ्याचे कुलूप गुडघ्याच्या खाली येते, पट्टा मांडीत रुततो, बुटात अंगठा दुमडतो. रात्री बूट काढल्यावर तळपाय दिव्याखाली धरून बघायचा. अंगठ्याच्या टोकाला लाल ठिपका दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही, तर उद्या सकाळच्या गाडीने पुन्हा माप द्यायला निघायचे.